रानगाडीचा पट्टा

अमेरिकेत हरणाच्या किंवा एल्कच्या शिकारीसाठी, डोंगरवाटांवर भटकण्यासाठी लोक जी साइड-बाय-साइड गाडी घेतात, तिचं कूळ सहज जीपशी जोडलं जातं. रूप पाहिलं तर ते पटतंही. होंडाची १९७०ची तीनचाकी, मग चारचाक्या, १९८८ची कावासाकी म्यूल हे टप्पे ठाऊक असलेलेच आहेत. पण आवरण काढून आत पाहिलं की बहुतेक गाड्यांत दोन पुल्यांमध्ये फिरणारा रबरी पट्टा दिसतो. जीपच्या घराण्यात असा पट्टा नाही. तो आला बर्फातून. मिनेसोटातल्या रोझो गावची पोलारिस कंपनी १९५०च्या दशकापासून स्नोमोबाइल बनवत होती. १९८५मध्ये तिने ट्रेल बॉस ही एटीव्ही, म्हणजे रानवाटांची चारचाकी, काढली ती बिनगिअरची, पट्ट्यावर चालणारी. हिवाळ्याच्या गाड्यांचं तंत्र हाताशी असताना नवी गिअरपेटी कोण घडवत बसेल?

मग स्नोमोबाइलकडे पट्टा कुठून आला? हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८मध्ये मोटारीला तो बसवला, म्हणून काही जण श्रेय तिला देतात. इंग्लंडच्या रज मल्टी मोटरसायकलीत तर पहिल्या महायुद्धाआधीच फाकणारी पुली होती. पण तिथे दांडा हाताने ओढावा लागे. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जाऊन पुली आपोआप मिटते, ही खरी युक्ती कॅलिफोर्नियाच्या सॉल्सबरी स्कूटरमध्ये १९३०च्या दशकाअखेर आली. पुढे सॉल्सबरीचे क्लच अनेक स्नोमोबाइलमध्ये बसले. डाफ या वंशातली चुलत शाखा म्हणावी लागेल. पुण्याच्या कायनेटिकने होंडाबरोबर आणलेली कायनेटिक होंडाही याच तत्त्वावर चाले.

हे कूळ कळलं की गाडी निवडतानाचा पट्टा की गिअरपेटी हा जुना वादही उलगडतो. साध्या पट्ट्याच्या गाडीत अ‍ॅक्सिलेटर सोडला की पुली फाकते, पट्टा सैल पडतो आणि उतारावर इंजिन गाडीला रोखून धरत नाही. स्नोमोबाइलला ही उणीव फारशी जाणवली नाही, कारण बर्फात रुतत चालताना तिचा वेग आपोआपच कमी होतो. खडकाळ उतारावर, मागच्या हौद्यात अख्खा एल्क असताना, ती नेमकी जाणवते. कुणी म्हणेल, आता बऱ्याच गाड्यांत एकदिशा क्लच बसवून ती भरून काढली आहे. खरं आहे. पण ते ठिगळच. मोटरसायकलच्या गिअरपेटीला त्याची गरज कधी पडलीच नाही. गंमत अशी की स्कूटरला बिनदिक्कत पट्टा लावणारी होंडा आपल्या पायोनियर आणि टॅलन या साइड-बाय-साइड गाड्यांमध्ये तो लावत नाही.

म्हणून पट्टा टाकाऊ ठरत नाही. सपाट रानात, शिकारीच्या मचाणापर्यंत थांबत-निघत जाताना त्याच्याइतकं सुखाचं काही नाही. ओझं ओढताना मात्र हाय रेंज सोडून लो रेंज लावायला हवी. रांगत्या वेगात हाय रेंजवर पट्टा घसरतो, तापतो आणि जळतो. पाण्यातून जायचं असेल तर पट्टाघराची हवेची नळी किती उंचावर आहे ते पाहावं, कारण ओला पट्टा पुली धरत नाही. आणि पट्ट्याचीच गाडी घेतली, तर दूरच्या वाटेवर जादा पट्टा आणि तो बदलण्याची हत्यारं गाडीतच ठेवावीत.