गतकूळ जमिनीची विक्री : शब्द, साक्ष आणि संमती

जमीन विकणारा एक, विकत घेणारा दुसरा; दोघांमध्ये मोल ठरले, पैका हाती आला आणि कागद झाला की व्यवहार पुरा झाला, अशी विक्रीची आजची रूढ कल्पना आहे. मालकाला नकोशी झालेली पडीक जमीन थेट गिऱ्हाइकाच्या हवाली करणे, हे तर या व्यवहाराचे सर्वांत सोपे रूप मानले जाते. परंतु ही कल्पना मराठी मुलखात फार जुनी नाही. इंग्रजी अमलापूर्वी येथे जमिनीची विक्री होत असे काय, या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकापासून वाद चालत आलेला आहे. जमीन राजाची, रयत केवळ कसणारी, असे एक मत. मिरासदार हा खरा मालक आणि त्याला विक्रीचा पूर्ण अधिकार होता, हे दुसरे मत. १८१९ साली पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी एल्फिन्स्टनने जो अहवाल लिहिला, त्यात मिरासदार व उपरी असा रयतेचा भेद मांडून मिरासीच्या विक्रीयोग्यतेची दखल घेतलेली आहे. या वादात महसुली आकड्यांचा विचार पुष्कळ झाला. व्यवहाराच्या भाषेचा विचार मात्र त्या मानाने कमी झाला. राजवाड्यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेली साधने आणि १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने छापलेले कागद यांमुळे ही भाषा अभ्यासकांस विपुल प्रमाणात उपलब्ध आहे. प्रस्तुत लेखात याच भाषेच्या आधारे विक्रीच्या स्वरूपाचा विचार केला आहे.

१. ओसाड, पण निनावी नव्हे

दुष्काळ, स्वारी किंवा कर्ज यांमुळे एखादे घराणे परागंदा झाले अथवा निर्वंश झाले, म्हणजे त्याची जमीन ‘गतकूळ’ झाली असे म्हणत. १६३०-३२ चा दुष्काळ आणि १८०२ मधील होळकरांच्या धामधुमीनंतर आलेला १८०३-०४ चा दुष्काळ अशा प्रसंगी दख्खनमधील अनेक गावांत अशा जमिनी मोठ्या प्रमाणावर पडल्या. ‘गतकूळ’ हा शब्द बारकाईने पाहण्याजोगा आहे. त्यात जमिनीचे वर्णनच नाही. ‘पडीक’ किंवा ‘बंजर’ हे शब्द भुईची स्थिती सांगतात. ‘गतकूळ’ हा शब्द माणसांची स्थिती सांगतो. कूळ गेले, जमीन राहिली, एवढाच त्याचा अर्थ.

गावची जमीन ‘थळां’त विभागलेली असे आणि थळ मूळ घराण्याच्या नावाने ओळखले जाई. ते घराणे नाहीसे झाल्यावरही थळाचे नाव बदलत नसे. पुण्याजवळील लोणी गावाची पाहणी करणारे टॉमस कोट्स आणि १८२४ नंतर दख्खनची सांख्यिकी माहिती जमविणारे कर्नल साइक्स या दोघांच्याही लेखनात या पद्धतीची नोंद आढळते. जमीन ओसाड होती, निनावी नव्हती. परागंदा मिरासदार अथवा त्याचा वंशज कित्येक दशकांनी परत आला तरी त्याचा दावा ऐकून घेतला जाई. तेव्हा गतकूळ जमीन विकणे म्हणजे बेवारस माल विकणे नव्हते. गेलेल्या कुळाच्या जागी नवे कूळ बसविणे, असे त्याचे स्वरूप होते. विकत घेणारा केवळ भूधारक होत नसे. तो गावच्या मिरासदारांत सामील होत असे. पूर्वी उपरी म्हणून राहिलेल्या माणसाला गावात कायमचे पाऊल रोवण्याचा हा एक प्रमुख मार्ग होता.

२. विकणारा कोण?

अशा विक्रीचा कागद म्हणजे ‘मिरासपत्र’. ‘मिरास’ हा अरबी शब्द वारसा या अर्थाचा आहे. वारसाच मोल देऊन विकत घ्यायचा, हा विरोधाभास त्या काळच्या लोकांस जाणवत नव्हता. कारण पैशाने मिळत होते ते जमिनीचे तुकडे नव्हेत, तर पुत्रपौत्रादी वंशपरंपरेने ती उपभोगण्याचे स्थान होते. गतकूळ जमिनीच्या मिरासपत्रात देणारा एकटा नसे. मोकदम म्हणजे पाटील आणि त्याच्यासह समस्त पांढरी ते लिहून देत. ‘पांढरी’ म्हणजे वस्तीची जागा आणि ‘काळी’ म्हणजे शेतीची भुई. पण ‘पांढरी’ शब्दाने पुढे सबंध गावसमाजाचा बोध होऊ लागला. काळीचा व्यवहार पांढरीने करावयाचा, असा हा संकेत होय. अर्थात गतकूळ जमिनीवर सरकारही आपला हक्क सांगे व ती इनामात देई. त्यामुळे गाव आणि सरकार यांच्या अधिकाराची सीमा नेहमीच स्पष्ट नव्हती.

हयात मिरासदार स्वतःची जमीन विकत असतानाही व्यवहार दोघांपुरता राहत नसे. जमीन पेरली काय अथवा पड टाकली काय, मिरासदारावरील सरकारधाऱ्याचा भार तत्त्वतः कायम राही. त्यावर ‘मिरासपट्टी’ही बसे. न पेलणारी जमीन काढून टाकण्यास हे पुरेसे कारण होते. असे कागद पाहिले असता त्यांची रचना साधारण एकसारखी दिसते : विक्रीचे कारण, म्हणजे दुष्काळ, कर्ज अथवा सरकारदेणे, ‘राजीरजावंदीने’ किंवा ‘स्वसंतोषे’ दिल्याची ग्वाही, मोल, ‘हद्दमहदूद’ म्हणजे चतुःसीमा, भाऊबंदांनी पुढे कथळा न करण्याची हमी, आणि शेवटी साक्षी. कुणब्याची निशाणी नांगर असे. बलुतेदार आपापल्या धंद्यातील अवजाराचे चिन्ह करीत. ‘गोही’ हा साक्षीदारवाचक शब्द फारशीतून, तर ‘गोत’ हा संस्कृत ‘गोत्र’ शब्दापासून आलेला. या दोहोंनी मिळून व्यवहार पक्का होई. वाद उद्भवल्यास गोतसभेपुढे ‘महजर’ होई. त्या पद्धतीचे तपशीलवार विवेचन वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात केलेले आहे.

यावरून दोन्ही टोकांची मते अपुरी ठरतात. विक्री होती, मोल होते, कायमचे हस्तांतरणही होते. म्हणून राजाच सर्व भूमीचा मालक हे मत टिकत नाही. परंतु संमतीचे वर्तुळ विकणाऱ्यापाशी संपत नव्हते; म्हणून मिरास म्हणजे आधुनिक मालकी हेही खरे नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पांढरीची संमती म्हणजे सर्वांची समान संमती नव्हे. शिवेच्या वादात महाराची साक्ष महत्त्वाची मानली जाई. परंतु ज्याच्या शब्दावर सीमा ठरे, त्याला त्या सीमेच्या आतील मिरासीत स्थान मिळणे दुरापास्त होते. संमतीचा अधिकार हाच वगळण्याचाही अधिकार होता.

३. राजीनाम्याचा अर्थबदल

इंदापूर तालुक्यात १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनी सुरू केलेल्या पाहणीने थळांच्या जागी क्रमांक आले. घराण्याच्या नावाऐवजी सर्व्हे नंबर हीच जमिनीची ओळख झाली. नको असलेला नंबर रयतेने सोडून द्यावा व हवा तो घ्यावा, अशी मुभा या पद्धतीत होती. सोडणाऱ्याने ‘राजीनामा’ द्यावयाचा आणि घेणाऱ्याने ‘कबुलायत’ लिहून द्यावयाची. ‘राजीनामा’ म्हणजे मुळात संमतीपत्र. जमीन सोडण्याच्या या कागदामुळे तो शब्द ‘सोडल्याचे पत्र’ या अर्थाकडे झुकला आणि आज नोकरी सोडण्यासाठी तो रूढ आहे. राजीनामा-कबुलायतीच्या जोडीने प्रत्यक्षात विक्रीही होऊ लागली. दोन्ही कागद सरकारला उद्देशून असत. पांढरीची जागा कचेरीने घेतली.

अमेरिकन यादवीच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाच्या तेजीने जमिनीची पत वाढली आणि तिच्या तारणावर कर्जही वाढले. पुढे भाव कोसळले. दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यांनी जमिनी सावकारांकडे जाऊ लागल्या. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे दंगा झाला आणि त्याचे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. दंगेखोरांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने विसरू नये. जो कागद पूर्वी गावाच्या साक्षीने बोलत असे, तो आता गावाच्या पाठीमागे बोलू लागला होता.

१८७९ च्या शेतकरी संरक्षण कायद्याने यावर काही बंधने घातली. १९०१ साली मुंबई सरकारने महसूल कायद्यात दुरुस्ती करून थकबाकीमुळे जप्त झालेली जमीन विक्रीचा हक्क न देता पुन्हा लागवडीस देण्याची तरतूद केली. फिरोजशहा मेहता व गोखले यांनी कायदे कौन्सिलात तिला कडाडून विरोध केला आणि मेहतांसह काही सभासद सभात्याग करून गेले. ‘जुनी शर्त’ आणि ‘नवी शर्त’ हा मराठी महसुली भाषेतील भेद या तरतुदीशी निगडित आहे.

४. शब्दांचे अवशेष

हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा मुंबई इलाख्यास १८९३ पासून लागू झाला. दिलेल्या वा देऊ केलेल्या किमतीच्या बदल्यात मालकीचे हस्तांतरण, ही त्यातील विक्रीची व्याख्या. तीत विकणारा, घेणारा आणि किंमत एवढेच घटक उरले. तरीही मराठी खरेदीखताने ही व्याख्या जशीच्या तशी स्वीकारली नाही. त्यात आजही पक्षांना विकणारा व घेणारा न म्हणता ‘लिहून देणार’ व ‘लिहून घेणार’ म्हणतात. ‘कायम खुषखरेदीखत’ या नावातील ‘खुष’ हा ‘राजीरजावंदी’चाच वारस होय. चतुःसीमा अद्याप लिहिली जाते. भाऊबंदांनी हरकत घेतल्यास ती लिहून देणाऱ्याने निवारावी, ही हमीही कायम आहे. फेरफाराची नोटीस चावडीवर लागते आणि हरकती मागविल्या जातात. हा गोतसाक्षीचा क्षीण अवशेष म्हणता येईल.

‘कूळ’ शब्दाचा प्रवास तर याहून बोलका आहे. घराणे या मूळ अर्थावरून तो सारा देणारी रयत, सावकाराचा ऋणको आणि अखेरीस दुसऱ्याची जमीन कसणारा, अशा अर्थांना पोहोचला. १९४८ च्या ‘कूळकायद्या’त आणि त्यावरील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी अनेक कुळे कायद्यानेच जमिनीची खरेदीदार मानली गेली. तेथे विकणाऱ्याची संमती विचारण्यात आली नाही. अठराव्या शतकात समाजाने विक्रीवर घातलेला अंकुश विसाव्या शतकात राज्यसंस्थेने वेगळ्या न्यायबुद्धीने हाती घेतला, एवढाच याचा अर्थ.

तेव्हा जमिनीची थेट विक्री ही मूळची, नैसर्गिक रीत आणि इतर बंधने मागाहून लादलेली, हा समज इतिहासाच्या कसोटीवर उतरत नाही. मराठी मुलखात क्रम नेमका उलटा आहे. बंधनातील विक्री आधीची. दोघांपुरती विक्री हा नंतरचा आणि अल्पकाळच निर्वेध चाललेला प्रयोग. मिरासपत्रांचा अर्थ लावताना ‘विकत दिल्हे’ या शब्दांवर न थांबता त्याखालील निशाण्या मोजणे म्हणूनच आवश्यक ठरते.