आधी फटी, मग यंत्र

थंड देशात भिंत पाडून मोठं, खुलं स्वयंपाकघर वाढवायचं म्हटलं की कोणीतरी हमखास सुचवतं, "एचआरव्ही बसवून घ्या." हे यंत्र आतली शिळी हवा बाहेर टाकतं आणि जाता जाता तिची ऊब बाहेरून येणाऱ्या ताज्या हवेला देतं. पण ह्याची गरज मुळात का पडली?

तर, १९७३ साली तेलाचे भाव भडकले. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताच्या सरकारला सौरऊर्जेवर चालणारं घर हवं होतं. हॅरोल्ड ऑर आणि मंडळींनी वेगळा विचार केला: आधी उष्णता गळणं थांबवा. १९७७ मध्ये रेजायना इथे, जिथे हिवाळ्यात पारा उणे ३० च्या खाली जातो, जाड भिंतींचं, फटी बुजवलेलं घर उभं राहिलं. घर तापवायची नेहमीची भट्टी नाहीच! पण फटींबरोबर फुकटची ताजी हवाही गेली. म्हणून हे यंत्र आलं. पुढे १९९१ मध्ये जर्मनीत, डार्मश्टाटला, वोल्फगांग फाइस्ट यांच्या पॅसिव्ह हाउसनेही हाच क्रम पाळला.

खरेदीच्या वेळी आपण नेमका हा क्रम विसरतो. घराला फटी असतील तर बरीचशी हवा यंत्राला वळसा घालून जाते, आणि पैसे वाया. शिवाय हे यंत्र दिवसरात्र संथ चालतं. फोडणीचा धूर ओढणं त्याचं काम नव्हे. त्यासाठी शेगडीवर वेगळा हुड हवाच, आणि त्याची तेलकट हवा ह्या यंत्राच्या नळ्यांत अजिबात सोडू नये.

असो. यंत्राचा कॅटलॉग उघडण्याआधी एकदा खिडक्यांच्या फटींवर हात फिरवून बघा.