राधानगरीचे दरवाजे आणि संगणकांची खोली

पावसाळ्यात कोल्हापुरात दोन माणसे भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘राधानगरीचे किती दरवाजे उघडले?’ भोगावती नदीवरील या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ३४७.५० फुटांच्या पातळीला पोहोचले की पाण्याच्याच जोराने ते उघडू लागतात आणि पातळी उतरली की मिटतात. विश्वेश्वरय्यांनी असे स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये पुण्याजवळ खडकवासल्याला बसवले होते. दरवाजाला ‘आता उघड’, ‘आता मीट’ असा हुकूम कोणी देत नाही. पाणी कोठवर असावे, एवढे मात्र त्याच्या बांधणीतच ठरवून ठेवलेले असते. हा फरक वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण आम्हांला सांगायची आहे ती गोष्ट याच फरकाची आहे.

शाळेतील संगणकांची खोली डोळ्यांसमोर आणा. बारा यंत्रे एकाच दिवशी, एकाच खोक्यांतून आलेली. वर्षभराने एकात मराठी टंक नाही, दुसऱ्याचे घड्याळ मागे, तिसऱ्यात कोणी तरी खेळ भरून ठेवलेला. ज्या शिक्षकांनी ती बसवली त्यांची बदली झालेली, आणि कोठे काय केले हे त्यांच्या डोक्यातच राहिलेले. मोठ्या संस्थांत हेच दुखणे शेकडो सर्व्हरांना जडते. सर्व्हर म्हणजे इतर संगणकांना माहिती पुरवणारा, रात्रंदिवस चालू राहणारा संगणक. निकाल, वीजबिले, बँकेची खाती, सगळे अशा यंत्रांवर उभे असते.

नॉर्वेतील ओस्लो विद्यापीठात १९९३ मध्ये मार्क बर्जेस नावाचा तरुण भौतिकशास्त्रज्ञ अशाच यंत्रांच्या पसाऱ्याने जेरीस आला होता. युनिक्स प्रणालीचे अनेक प्रकार तेथे एकत्र नांदत होते. ‘हे कर, मग ते कर’ अशा आज्ञांच्या याद्या लिहाव्यात, तर प्रत्येक प्रकारासाठी ‘हे यंत्र असेल तर मात्र असे कर’ अशी शेपटे जोडावी लागत. त्याने मग सीएफइंजिन नावाचे साधन लिहिले. त्यात कृती न सांगता स्थिती सांगायची : ही फाइल असावी, तिचा मजकूर असा असावा, ही सेवा चालू असावी. साधन यंत्राकडे पाहते, जेथे फरक दिसेल तेवढाच दुरुस्त करते, आणि सगळे ठीक असेल तर हातही लावत नाही. राधानगरीच्या दरवाजाची आठवण येते ती येथे. १९९८ च्या एका निबंधात बर्जेसने संगणकांच्या रोगप्रतिकारशक्तीची कल्पना मांडली. भौतिकशास्त्रज्ञाला उपमा मात्र जीवशास्त्रात सापडली!

पुढची वंशावळ थोडक्यात सांगतो. ल्यूक कॅनीसचे पपेट २००५ मध्ये आले, शेफ २००९ मध्ये, तर मायकेल डीहानचे अ‍ॅन्सिबल २०१२ मध्ये. अ‍ॅन्सिबल हे नाव अर्सुला ले ग्विन या लेखिकेच्या १९६६ च्या विज्ञान कादंबरीतील आहे. तेथे ते क्षणात ताऱ्यांपलीकडे निरोप पोहोचवणारे यंत्र आहे.

निरोप क्षणात सर्वांकडे पोहोचतो, यातच धोका आहे. चुकीचे वर्णन लिहिले तर चूकही तितक्याच वेगाने पसरते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल जगभर धाडली गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ही फाइल धाडणारे साधन वर सांगितलेल्यांपैकी नव्हते, पण धडा तोच. ती आधी थोड्या यंत्रांवर पाठवून पाहिली असती तर एवढे झाले नसते.

म्हणून आधी सरावाची जागा हवी, जेथे मोडतोड फुकट असते. उद्यमनगर किंवा शिरोलीच्या फाउंड्रीत गेलेल्यांना हे सांगायला नको. वाळूचा साचा प्रत्येक ओतकामानंतर मोडतात; जपतात तो पॅटर्न. संगणकाच्या बाबतीत असा मोडता येणारा ‘वाळूचा संगणक’ करण्याची विद्या जुनी आहे. आयबीएमने १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली. तिच्यामुळे एकाच मोठ्या यंत्रात अनेक आभासी यंत्रे नांदू लागली. २००७ मध्ये आलेल्या व्हर्च्युअलबॉक्सने ही सोय साध्या संगणकावर फुकट मिळवून दिली. २०१० मध्ये मिचेल हाशिमोटोने व्हॅग्रंट लिहिले, तेव्हा आभासी यंत्राचे वर्णनही एका फाइलीत मावले. हाच आपला पॅटर्न.

शाळेतील एका बऱ्यापैकी संगणकावर हे करून पाहता येते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये दोन लिनक्स यंत्रे उभी करावीत, एक ‘गुरुजी’ आणि एक ‘विद्यार्थी’. नवखे येथेच अडतात. व्हर्च्युअलबॉक्सच्या नेहमीच्या जोडणीत दोन्ही यंत्रांना बाहेरचे जग दिसते, पण ती एकमेकांना दिसत नाहीत. त्यासाठी ‘होस्ट-ओन्ली’ नावाचे आणखी एक जाळे जोडावे लागते. अ‍ॅन्सिबल फक्त गुरुजीवर बसवायचे. विद्यार्थ्यावर पायथन आणि एसएसएच हा दूरसंपर्काचा मार्ग असला की पुरे. गुरुजीची किल्ली विद्यार्थ्यावर ठेवावी, त्याचा पत्ता यादीच्या फाइलीत लिहावा आणि ‘प्लेबुक’ नावाच्या दुसऱ्या फाइलीत एकच अपेक्षा लिहावी : अमुक फाइलीत अमुक ओळ असावी. ओळींच्या आधीच्या मोकळ्या जागांना येथे अर्थ असतो, आणि टॅबची कळ चालत नाही. पहिल्या दिवसाचा निम्मा वेळ यातच जातो, असा आमचा अनुभव आहे.

प्लेबुक एकदा चालवले की ‘चेंज्ड’ या शब्दापुढे १ दिसतो. लगेच पुन्हा चालवावे. आता तेथे ० दिसेल. मुलांना आधी अंदाज करू द्यावा. बहुतेक जण ओळ दोनदा आली असेल असे सांगतात. मग एकाला विद्यार्थी यंत्रावरची ती ओळ गुपचूप पुसायला सांगून तिसऱ्यांदा चालवावे.

एका ठिकाणी मात्र धरणाची उपमा अपुरी पडते आणि ते मुलांना सांगितले पाहिजे. राधानगरीचा दरवाजा कोणाची वाट पाहत नाही. पपेट आपण होऊन, बहुधा दर अर्ध्या तासाने, यंत्र तपासते. अ‍ॅन्सिबल मात्र कोणी चालवले तरच चालते; रात्री ओळ पुसली गेली तर सकाळपर्यंत ती पुसलेलीच राहील. शेवटी दोन्ही यंत्रे पुसून टाकावीत आणि दुसऱ्या दिवशी, आदल्या दिवशी नसलेल्या मुलाच्या हाती फक्त फाइली देऊन ती पुन्हा उभी करायला सांगावीत. तो जेथे अडेल, तेथे आपण काही तरी लिहायचे विसरलेलो असतो.