आझीलचे रंगीत गोटे : अस्सल आणि नकली यांच्या सीमेवर

फ्रान्सच्या दक्षिणेस, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी मास द'आझील नावाची प्रचंड गुहा आहे. आरीझ नदी या गुहेतून आरपार वाहते आणि तिच्या कडेने वाहनांचा रस्ताही गुहेतूनच जातो. १८८७ साली पेशाने न्यायाधीश असलेल्या एदुआर पिएत यांनी येथे उत्खनन सुरू केले. खाली हिमयुगाच्या अखेरचा मॅग्डालेनियन थर, वर नवाश्मयुगीन थर आणि या दोहोंमध्ये एक अपरिचित थर. त्यात हरणांच्या शिंगांचे चपटे हार्पून होते आणि त्यांच्यासोबत नदीतले गुळगुळीत गोटे, ज्यांवर लाल गेरूने ठिपके आणि पट्टे काढलेले होते.

आज या थराला आझीलियन म्हणतात. काळ साधारण १४ ते १२ हजार वर्षांपूर्वीचा.

सुरुवातीला या गोट्यांवर विश्वास ठेवणे अनेकांना जड गेले. काळच तसा होता. स्पेनमधील आल्तामिरा गुहेतील चित्रे १८८० मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा ती प्राचीन असणे शक्यच नाही असे बहुतेक विद्वानांचे मत पडले. एमिल कार्तेलाक यांनी आपली चूक जाहीरपणे कबूल केली ती १९०२ मध्ये. चित्रे जगापुढे आणणारे साउतुओला तोवर निवर्तले होते. आल्तामिराच्या बाजूने आधीपासून उभे राहिलेल्या मोजक्या अभ्यासकांत पिएत होते, हे येथे नोंदवायला हवे.

पिएत यांच्या गोट्यांना तारले ते थराने. चित्र कितीही साधे असो, ते कोणत्या मातीत आणि कोणत्या अवजारांच्या सोबतीने सापडले याची साक्ष खोडणे कठीण असते. पुढे पिएत स्वतःच वाहवत गेले. १८९६ च्या लेखात त्यांनी या खुणांमध्ये अंक आणि अक्षरेही पाहिली. ठिपक्यांवरून लिपीपर्यंतची ती उडी फार मोठी होती.

गोटे प्रसिद्ध झाले, संग्राहकांची मागणी वाढली आणि नकली गोटे तयार होऊ लागले. नक्कल करणे हास्यास्पद वाटावे इतके सोपे होते. गोटा त्याच नदीतला, गेरूही तसाच. गेरू हे खनिज असल्याने किरणोत्सर्गी कार्बनने त्याचे वय ठरवता येत नाही. मग पुरावा उरतो तो पृष्ठभागाचा. जमिनीत हजारो वर्षे पडलेल्या गोट्यावर चुन्याचे पापुद्रे चढतात. रंग पापुद्र्याखाली असेल तर तो जुना. पापुद्र्यावरून ओघळला असेल तर संशय घ्यावा. मात्र कुणी हौसेने गोटा घासूनपुसून कपाटात ठेवला असेल, तर हा पुरावाही गेला, आणि कधीकधी मूळ रंगही.

क्लोद कुरो आणि पॉल बान यांनी १९८२ मध्ये ब्रिटनमधील संग्रहांतले असे गोटे पुन्हा तपासले. प्रश्न केवळ संग्रहालयांच्या अब्रूचा नव्हता. कुरो यांनी या गोट्यांवरील चिन्हांची मोजदाद करून त्यांच्या जोड्यांमागे काही नियम दिसतो का, हे शोधले. अशा मोजणीत नकली गोटे मिसळले, तर मिळणारा नियम आझीलियन माणसाचा नसून एकोणिसाव्या शतकातील नकलाकाराच्या सवयींचा असू शकतो. संख्या बरोबर, बेरीज बरोबर आणि निष्कर्ष निखालस खोटा!

यासाठीच स्वित्झर्लंडमधील बिर्झेक या स्थळाचे मोल मोठे. १९१० मध्ये फ्रिट्झ साराझिन यांना तेथेही रंगवलेले गोटे मिळाले, पण फुटलेले. ते मुद्दाम फोडले असावेत, असे त्यांना वाटले. का फोडले, याचे सर्वमान्य उत्तर आजही नाही. कपाटात मांडण्यासाठी अखंड, देखणा गोटा विकत घेणाऱ्या संग्राहकाला मात्र अशा तुकड्यांचा काहीच उपयोग नव्हता.