पानाचा क्रम : रकाब्यापासून फाइलच्या नावापर्यंत

जुनी हस्तलिखित फारसी किंवा उर्दू किताब उघडली, की उजव्या हाताच्या पानाखाली डाव्या कोपऱ्यात एक सुटा शब्द आढळतो. पुढच्या पानाचा तो पहिला शब्द. फारसीत त्याला ‘रकाबा’ म्हणतात. रकाब म्हणजे आपली मराठी रिकीब. पाने विस्कटली तरी जिल्दसाज या शब्दावरून किताब पुन्हा जुळवी.

१८५८ साली मुन्शी नवलकिशोर यांनी लखनौत मतबा काढला. शिळाछापातही कातिबाने तेलकट शाईने लिहिलेलेच दगडावर उतरे. पुढे पानांवर आकडे रुळले, रकाबा विरळ झाला. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांची नूरी नस्तालीक आली, १९९४ मध्ये दिल्लीचे इनपेज, आणि कातिबाची बैठकच उठली. किताब आता फायलींच्या रूपाने छापखान्यात जाऊ लागली. पानांचा क्रम फाइलच्या नावावर आला आणि नाव देणे कुणी मनावर घेतले नाही.

संगणक नावे अक्षरागणिक लावी, तेव्हा पान १० हे पान २ च्या आधी बसे. ००२, ०१० असे लिहिले की प्रश्न मिटतो. दुसरी अडचण खास आपली. सोळा पानी फर्म्याच्या एका बाजूला १, ४, ५, ८, ९, १२, १३ आणि १६ ही पाने येतात. उर्दू किताबेची बांधणी उजवीकडे. मराठीचीच मांडणी लावली, तर घडीनंतर क्रम बिघडलाच. म्हणून ‘उजवी बांधणी’ हे शब्द नावातच हवेत. तोंडी निरोप मशीनपर्यंत पोहोचतोच असे नाही.

आमच्या परिचयाच्या एका मरहूम शायरांच्या दिवानाची सीडी घरच्यांनी आमच्याकडे दिली. आत चार फायली : ‘फायनल’, ‘फायनल न्यू’, ‘लास्ट’ आणि ‘दिवान २’. शायरांनी स्वतः दुरुस्त केलेली कोणती? तारखांवरून उलगडा होईना. जुन्या इनपेजचा मजकूर युनिकोडमध्ये नसल्याने यंत्राकडून ताडून घेणेही सोपे नव्हते. कातिबाच्या हस्तलिखितात निदान खोडलेले तरी दिसे. ‘दिवान, पाने ००१ ते ०१६, प्रूफ ३’ एवढे लिहायला किती वेळ लागला असता!

चारही फायली आम्ही छापील प्रतीशी ओळीने ताडल्या. ‘लास्ट’मध्ये एक गझल जास्त निघाली. छापील दिवानात ती नाही. शायरांनी ती गाळली की छापताना राहून गेली, हे घरच्यांनाही सांगता येत नाही.