विठाबाई नारायणगावकर : आख्यायिका आणि इतिहास

चाकणहून नाशिककडे जाणाऱ्या मार्गावरील नारायणगाव हे तमाशाचे माहेरघर समजले जाते. जत्रांच्या हंगामापूर्वी गावोगावची मंडळी तेथील राहुट्यांत येऊन फडांना सुपारी देतात. ‘सुपारी’ हा शब्द मूळचा निमंत्रणाचा. तमाशाच्या व्यवहारात तो कराराचा झाला.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांचे चरित्र या शब्दाच्या आधारे वाचावयास हवे. जन्म पंढरपूरचा; वडील भाऊ व चुलते बापू यांचा फड हीच त्यांची शाळा. गवळण, लावणी व वग या तिन्हींत त्यांनी नाव मिळविले. खेळ चालू असता प्रसूत होऊन त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही कथा सर्वश्रुत आहे. ती धैर्याचा दाखला म्हणून सांगितली जाते. परंतु घेतलेली सुपारी मोडता येत नव्हती, हेही तीतून सूचित होते.

१९९० मध्ये त्यांना राष्ट्रपती पुरस्कार लाभला. तथापि अखेरचे दिवस हलाखीतच गेले. पुढे राज्य शासनाने त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. केवळ धैर्याचे कौतुक करून थांबणारा इतिहास ही हलाखी नजरेआड करतो, असे आमचे मत आहे.