सरकीवरची एक पेशी

लहानपणी वडिलांसोबत कापसाच्या गाडीवर बसून मी पाचोऱ्याच्या जिनिंगवर जात असे. व्यापारी सरकीवरची रुई चिमटीत ओढी, तिची लांबी नजरेने जोखी आणि भाव सांगे. तो जोखत होता ती पेशींची लांबी, हे मला फार उशिरा कळले.

कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी. फूल उमलते त्याच सुमारास ती वर येते, साधारण तीन आठवडे लांबत जाते आणि मग तिची भिंत आतून जाड होते.

अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. भेसळही वाढली. १८६३ मध्ये मुंबई सरकारने तिच्याविरुद्ध कायदा केला. कापसातला कचरा कायद्याने कमी करता येतो. पण देशी वाणाचा आखूड धागा कायद्याने लांब होत नाही. तो प्रश्न पेशीच्या आतला होता.

त्याची उकल व्हायला पुढचे शतक उजाडले. १९१९ मध्ये बॉल्स यांनी तंतूच्या भिंतीत रोज एक याप्रमाणे चढणारे थर दाखवले. १९६३ मध्ये लेडबेटर आणि पोर्टर यांना वनस्पतिपेशीच्या पडद्यालगत आतून सूक्ष्मनलिका दिसल्या; बाहेरच्या भिंतीतील सेल्युलोजचे धागेही त्याच दिशेने होते. हा योगायोग की संबंध? १९९६ मध्ये डेल्मर आणि सहकाऱ्यांना सेल्युलोज घडवणाऱ्या विकराची जनुके सापडली, तीही कापसाच्याच तंतूत. २००६ मध्ये अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपाच्या जिवंत पेशीत ही विकरे सूक्ष्मनलिकांच्या मार्गाने सरकताना प्रत्यक्ष दिसली. संबंध सिद्ध झाला.

म्हणजे गॉल्जी पिंड ही विकरे पडद्याकडे धाडतो, पडदा त्यांना धरतो, सूक्ष्मनलिका दिशा देतात, विकरे भिंत विणतात आणि आतल्या रसाचा दाब पेशीला ताणतो. भिंतीचे वेढे आडवे पडतात, म्हणून पेशी फुगत नाही, लांबते. यातला एकटा कोणीच धागा करू शकत नाही.

भाव पडला की वडील बियाण्याला बोल लावत. वाणाचा वाटा मोठा, हे खरेच. पण फुलोऱ्यानंतर पावसाने ओढ दिली तर रसाचा दाब घटतो आणि चांगल्या वाणाचाही धागा आखूड राहतो. त्या तीन आठवड्यांत एखादे पाणी देता आले असते, तर चिमटीतला निकाल कदाचित वेगळा लागला असता. आमच्या शेतात तेव्हा विहीर नव्हती.